ऐकणाऱ्या यंत्राची समीक्षा : जुन्या फोनवरचं एक हौशी ध्वनिमुद्रण अ‍ॅप



समीक्षा म्हटलं की आपल्याकडे कादंबरी, कविता, फार तर नाटक-सिनेमा, एवढ्यांचीच होते. आज मी एका अ‍ॅपची समीक्षा करणार आहे. ते कुठल्याही दुकानात मिळत नाही. माझा एक माजी विद्यार्थी पोटापाण्यासाठी बँकेत नोकरी करतो आणि रात्री जेवणं उरकल्यावर कोड लिहितो. त्याने हे अ‍ॅप केलंय. काम एकच, आवाज नोंदवणं. आणि तेही कशावर? अँड्रॉइड २.३ च्या जुन्या फोनवर. २०११ च्या सुमारास सॅमसंगचा गॅलॅक्सी वाय पुष्कळ घरांत दिसायचा, आठवतोय ना? तीन इंचांचा पडदा, ८३२ मेगाहर्ट्‌झचा एकच प्रोसेसर. आज तो बहुधा टीव्हीखालच्या खणात जुन्या चार्जरांच्या गुंत्यात पडलेला असेल. अशा फोनला पुन्हा कामाला लावायचं, ही याची हौस.

गेले चार-पाच महिने मी हे अ‍ॅप वापरतेय. त्याच्या शेजारी बसून कोडही वाचून घेतला. बटणांचे रंग, अक्षरांचा आकार यांवर मी बोलणार नाही. माझा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याचा आहे. आवाज म्हणजे काय, आणि त्यातलं काय राखून ठेवण्यासारखं आहे, याबद्दल हे अ‍ॅप काय गृहीत धरतं? प्रत्येक रेकॉर्डर काहीतरी गृहीत धरतोच. फक्त ते आपल्याला सांगत नाही.

आधी हे पाहू, की फोनबरोबर आलेला रेकॉर्डर असताना याने दुसरा का लिहिला. अँड्रॉइडवर आवाज नोंदवण्याचे तेव्हा दोन मार्ग होते. एक सोपा, मीडियारेकॉर्डर नावाचा. त्याला ‘सुरू’ म्हणा, ‘थांब’ म्हणा, फाइल तयार. पण २.३.३ या आवृत्तीच्या आधी या सोप्या मार्गाने एकाच साच्यात आवाज मिळायचा, एएमआर नॅरोबँड. नंतर एएसी हा दुसरा साचा आला, तरी फोनबरोबर येणारे अनेक रेकॉर्डर जुनाच साचा वापरत राहिले.

हा साचा मुळात मोबाइलवरच्या संभाषणासाठी बनलेला. तो सेकंदाला आवाजाचे ८,००० नमुने घेतो. त्यांचे वीस-वीस मिलिसेकंदांचे तुकडे करतो, म्हणजे एका तुकड्यात १६० नमुने. त्याच्या सगळ्यांत चांगल्या दर्जात असा एक तुकडा २४४ बिटांत बसवला जातो. हे कसं जमतं? त्याची युक्ती अशी : समोरचा आवाज हा माणसाच्या बोलण्याचाच आहे, असं धरून चालायचं. कंठातून एक स्पंदन निघतं आणि घसा, जीभ, ओठ यांच्या पोकळीतून जाताना त्याला आकार मिळतो. मग आवाज जसाच्या तसा साठवायची गरज नाही. तो आवाज काढायला कंठ आणि तोंड कसं ठेवावं लागेल, याच्या सूचना साठवल्या की झालं. ऐकताना यंत्र त्या सूचनांवरून आवाज पुन्हा घडवतं.

युक्ती अफलातून आहे, यात शंका नाही. यामुळे एक तासाचं बोलणं साडेपाच मेगाबाइटच्या आसपास मावतं. पण यात आवाजाविषयीचा एक सिद्धान्त दडलाय, तो लक्षात घ्या. जगातला प्रत्येक आवाज म्हणजे कुणीतरी बोलतंय, असा तो सिद्धान्त. आता या यंत्रापुढे तंबोरा लावा. चार तारा, प्रत्येकीची जवारी लावलेली, त्यातून निघणारे वरचे स्वरांश एकमेकांत मिसळलेले. यंत्र बिचारं विचारतं, हा कोण माणूस, आणि तोंड कसं ठेवून बोलतोय? आणि मग जे ऐकू येतं, ते डब्यात अडकलेल्या भुंग्यासारखं असतं.

बरं, बोलण्यासाठी तरी हा साचा पुरेसा आहे का? सेकंदाला ८,००० नमुने घेतले तर ४,००० हर्ट्‌झच्या वरचं काही हाती लागत नाही. आता मराठीतलं एक उदाहरण घ्या. ‘जग’ हा शब्द. जग म्हणजे विश्व, आणि ‘तू शंभर वर्षं जग’ यातलं जग. लिहिताना दोन्ही एकच. उच्चारताना पहिला ‘ज’ तालव्य, दुसरा दंततालव्य. ‘चारा’ आणि ‘चार’ यांतल्या ‘च’चंही तेच. आपल्या लिपीने हा फरक कधीच नोंदवला नाही. तो फक्त बोलणाऱ्याच्या तोंडात आणि ऐकणाऱ्याच्या कानात जिवंत आहे. त्या घर्षणाचा बराचसा भाग वरच्या कंपनांत असतो आणि तोच इथे कापला जातो. संदर्भावरून आपण अर्थ लावतो, म्हणून अडत नाही. पण एखाद्या गावची बोली नोंदवायला गेलात तर? लिपीत नाही आणि ध्वनिमुद्रणातही पुसट. मग तो फरक पुढच्या माणसाने शोधायचा कुठे?

म्हणून आमच्या या गड्याने दुसरा, अवघड मार्ग धरला. त्याला ऑडिओरेकॉर्ड म्हणतात. यात माइककडून आलेले कच्चे नमुने थेट हाती मिळतात, पुढचं सगळं तुमचं तुम्ही बघा. सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येकाला दोन बाइट. हाच दर सगळ्या फोनांवर चालेल अशी हमी अँड्रॉइडच्या दस्तऐवजात आहे, म्हणून त्याने तो निवडला. हिशेब करा : सेकंदाला ८८,२०० बाइट, तासाला सुमारे ३१७ मेगाबाइट. आधीच्या तुलनेत जवळपास अठ्ठावन्न पट. जुन्या फोनच्या मानाने ही उधळपट्टीच. पण हा त्याचा पहिला निर्णय मला योग्य वाटतो. कारण जे ऐकतोय ते काय आहे, हे आधीच ठरवून टाकायला त्याने नकार दिलाय. काय महत्त्वाचं, ते नंतर ऐकणाऱ्याने ठरवावं.

दुसरा निर्णय शांततेविषयीचा आहे. फोनमध्ये आवाजाची पातळी आपोआप सांभाळणारी एक व्यवस्था असते. आवाज हळू झाला की ती वाढवते, मोठा झाला की दाबते. फोनवर बोलताना हे सोयीचं असतं. पण गाणारा माणूस आलापात थांबला की काय होतं? व्यवस्थेला वाटतं, आवाज कमी झाला, वाढवा. मग पंख्याची घरघर, रस्त्यावरच्या रिक्षा, शेजारच्या कुकरची शिट्टी, सगळं वर येतं. गायक पुन्हा सा लावतो, तेव्हा तो दचकून दाबला जातो. म्हणजे यंत्राच्या लेखी शांतता ही उणीव आहे, ती भरून काढायची असते. आपल्या संगीतात तर विराम हा गाण्याचाच भाग.

यावर उपाय काय? या जुन्या आवृत्तीत ‘अजिबात प्रक्रिया न केलेला आवाज द्या’ असं मागायची सोय नव्हती. ती २०१६ च्या अँड्रॉइड ७ मध्ये आली. पण आवाज ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी म्हणून एक वेगळा स्रोत होता. त्यात ही आपोआप पातळी बंद असावी, अशी अपेक्षा गुगलने फोन बनवणाऱ्यांकडून ठेवली होती. हौशी लोक तंबोऱ्यासाठीही तोच स्रोत मागतात. इथेही तसंच केलंय. आता गंमत पाहा. यंत्राला भाषा समजावी म्हणून ठेवलेलं दार, माणसाला गाणं ऐकता यावं म्हणून वापरलं जातंय. कोड लिहिण्यात अशी आडवाट शोधणं बरंच असतं. पुस्तकांतून ते शिकवत नाहीत.

आता तिसरा मुद्दा. मला सगळ्यांत मोलाचा वाटला तो हाच, म्हणून इथे जरा थांबू.

माइककडून नमुने अखंड येत असतात. अ‍ॅपने ते वेळच्या वेळी उचलले पाहिजेत. मधे एक तात्पुरती साठवण असते, तिला बफर म्हणतात. नळाखाली बादली असते तसं समजा. एकच प्रोसेसर, त्यात मेमरीची साफसफाई निघाली, किंवा कार्डावर लिहिताना कार्ड क्षणभर अडलं, की बादली भरून वाहते. वाहून गेलेले नमुने परत मिळत नाहीत. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे फाइलमध्ये त्याची खूणही उरत नाही. आधीचा नमुना आणि नंतरचा नमुना एकमेकांना चिकटून बसतात. एखादा अगदी बारीक ‘टक्’ आला तर आला. पाव सेकंद आयुष्यातून गेला आणि फाइल म्हणते, मी अखंड आहे.

जे नाही, ते नाही हे कशावरून कळतं? आपल्याकडे कुमारिल भट्टांच्या परंपरेने याचा फार बारकाईने विचार केलाय. अभावाचं ज्ञान व्हायला ते अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानतात. पण अट घालतात : नुसतं दिसलं नाही, एवढं पुरत नाही. वस्तू असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही, म्हणून घडा नाही असं म्हणता येत नाही. याला योग्यानुपलब्धी म्हणतात.

आता आपली फाइल ही अंधारी खोलीच आहे. तिच्या आत कितीही पाहिलं तरी गेलेला पाव सेकंद दिसणार नाही. दिवा बाहेरून आणावा लागतो. याने तो आणलाय. फोनचं घड्याळ सांगतं, नोंदणी सुरू होऊन किती सेकंद झाले. त्याला ४४,१०० ने गुणलं की किती नमुने यायला हवे होते, ते कळतं. प्रत्यक्ष किती आले, ते मोजलेलं असतं. दोहोंत बारीकसा फरक असायचाच, कारण दोन घड्याळं कधी तंतोतंत चालत नाहीत. पण तफावत एकदम उडी मारून वाढली, तर अ‍ॅप पडद्यावर स्पष्ट सांगतं की अमुक मिनिटाच्या आसपास नोंद तुटली आहे, आणि फाइलशेजारी एका छोट्या मजकूर-फाइलमध्ये तसं लिहून ठेवतं. पुराव्याशी प्रामाणिक राहणं म्हणजे दुसरं काय असतं? इतिहासाच्या संशोधकाने हस्तलिखिताचं पान गहाळ आहे असं नमूद करावं, तितकं हे महत्त्वाचं आहे.

मी त्याला म्हटलं, “अरे, हे तू जाहिरातीत पहिलं लिहायला हवंस.” तो म्हणाला, “मॅडम, आमचं अ‍ॅप आवाज गाळतं, अशी जाहिरात कोण करतं?” यावर मी हसले, पण त्याचं म्हणणं विचार करण्यासारखं आहे. चकचकीत अ‍ॅपही आवाज गाळत असेल. फक्त ते सांगत नाही, म्हणून चांगलं ठरतं.

असाच एक लहान प्रसंग फाइलच्या मथळ्याचा. वेव्ह या साच्यातल्या साध्या फाइलला सुरुवातीला ४४ बाइटांचा मथळा असतो. पुढे किती आवाज आहे, ते त्यात लिहायचं असतं. पण नोंदणी सुरू होताना ते कुणाला माहीत? पुस्तकाची प्रस्तावना जशी शेवटी लिहून पहिल्या पानावर छापतात, तसंच इथे करतात : आधी शून्य लिहायचं, आणि थांबताना मागे जाऊन खरा आकडा भरायचा. आता भाषण रंगात आलंय आणि जुन्या फोनची बॅटरी संपली तर? सगळा आवाज कार्डावर आहे, पण मथळा म्हणतो शून्य. पुष्कळशी वाजवणारी सॉफ्टवेअरं अशी फाइल रिकामी समजतात. याने दर दहा सेकंदांनी मथळा ताजा करायचं ठेवलंय. फोन मेला तरी जास्तीत जास्त दहा सेकंदांचीच खोट. साधी गोष्ट आहे. पण ज्याने कुणाचा तरी आवाज जाताना पाहिलाय, त्यालाच ती सुचते.

आतापर्यंत मी कौतुक केलं. आता जिथे माझं पटत नाही, त्याकडे वळते.

पहिला आक्षेप नावाबद्दल. अ‍ॅपमध्ये कच्च्या नमुन्यांच्या पर्यायाला ‘मूळ आवाज’ असं नाव दिलंय. मूळ? नैयायिक म्हणतील, शब्द उत्पन्न होतो आणि नष्ट होतो. पाण्यावरच्या लाटेने पुढची लाट उठवावी, तसा एक शब्द दुसऱ्याला जन्म देत कानापर्यंत येतो. याला ते वीचीतरंगन्याय म्हणतात. त्यांच्या हिशेबाने, बोलणाऱ्याच्या तोंडाशी झालेला शब्दसुद्धा तुमच्या कानापर्यंत येत नाही, त्याच्या वंशातला शेवटचा येतो. मग फाइलमधून निघणारा तर नवाच. मीमांसक म्हणतील, वर्ण नित्य आहेत. उच्चाराने ते फक्त प्रकट होतात, म्हणून तर ‘हाच तो गकार’ अशी ओळख पटते. त्यांच्या बाजूने बघितलं तरी फोनने वर्ण साठवलेला नाहीच. पुन्हा प्रकट होण्याची एक सोय तेवढी साठवली. दोन्ही पक्ष एकमेकांचे कट्टर विरोधक, पण ‘मूळ आवाज फाइलमध्ये आहे’ हे दोघांनाही मान्य होणार नाही. आणि तत्त्वज्ञान बाजूला ठेवलं, तरी माइक कुठे ठेवला, कुणाच्या बाजूला वळवला, हा निवाडा झालेलाच असतो. ‘नोंद’ म्हणा. ‘मूळ’ म्हटलं की ऐकणारा शंका घ्यायचं थांबवतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. पडदा बंद ठेवून नोंदणी चालू राहते आणि ‘सूचना लपवा’ असा पर्यायही अ‍ॅपमध्ये आहे. बॅटरी वाचावी म्हणून पडदा बंद करणं समजू शकते. पण सूचना कुणापासून लपवायची? वापरणाऱ्यापासून तर नाही. लपवायची ती समोरच्यापासून. नव्या फोनांत याला आवर घातला गेलाय. २०१५ च्या अँड्रॉइड ६ पासून माइकची परवानगी वापरताना विचारली जाते, २०१८ च्या अँड्रॉइड ९ पासून मागे निपचित पडलेल्या अ‍ॅपला माइक मिळत नाही, आणि २०२१ च्या अँड्रॉइड १२ मध्ये माइक चालू असताना पडद्याच्या कोपऱ्यात हिरवी खूण येते. जुन्या फोनवर यातलं काही नाही. एकदा अ‍ॅप चढवताना ‘हो’ म्हटलं की संपलं. म्हणजे जे काम नव्या फोनवर यंत्रणा करते, ते जुन्या फोनवर अ‍ॅप लिहिणाऱ्याच्या सद्‌बुद्धीवर येऊन पडतं. मोकळीक जास्त, म्हणून जबाबदारीही जास्त. तो पर्याय काढून टाकावा, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याचं म्हणणं, लोक मागतात. लोक मागतात हे कारण झालं, समर्थन नव्हे. या दोहोंतला फरक मी वर्गात चाळीस वर्षं शिकवला.

तिसरा आक्षेप. नोंद झाली की फाइलला तारीख-वेळेचं नाव मिळतं. कोण बोललं, कुठे, कुणाच्या संमतीने, काही नाही. १९०२ मध्ये कोलकात्याला गौहरजान यांची ध्वनिमुद्रणं झाली, तेव्हा गाणं संपताना त्या स्वतःचं नाव मोठ्याने सांगत. तबकड्या जर्मनीत बनायच्या, तिथल्या कारागिरांना कुणाचा आवाज हे कळावं म्हणून. गरज व्यवहाराची होती, पण त्यामुळे गाणारीचं नाव गाण्याला कायमचं चिकटलं. दुसरं उदाहरण आपल्या घरचं. हेमा राईरकर आणि गी पॉयतवँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या संग्रहाचं मोल नुसत्या आकड्यात नाही. ही ओवी कुणी गायली, कुठल्या गावात, हे सोबत लिहिलेलं आहे, त्यात आहे. दळणाऱ्या बाईला ‘लोकपरंपरा’ या ढिगात न लोटता तिला नावाने उभं केलंय.

म्हणून माझी सूचना साधी आहे. नोंदणी सुरू करताच अ‍ॅपने पडद्यावर तीन ओळी दाखवाव्यात : आपलं नाव सांगा, गाव सांगा, नोंदवायला हरकत नाही ना ते सांगा. लिहायला नको, बोलायचं. ते फाइलच्या पोटातच राहील, हरवणार नाही. आणि एकदा माणसाला हे विचारलं, की चोरून नोंदवायची सोय आपोआप निरर्थक होते.

आता हौशीपणाबद्दल. ‘हौशी’ हा शब्द आपल्या नाटकवाल्यांनी प्रतिष्ठेला पोचवलाय. राज्य नाट्य स्पर्धेतली हौशी मंडळी दिवसा कचेरीत आणि रात्री तालमीत असायची. त्यांनी जे प्रयोग केले, ते तिकीटबारीवर अवलंबून असणाऱ्याला परवडले नसते. या अ‍ॅपचंही तेच आहे. जुन्या फोनसाठी लिहून पैसे मिळत नाहीत, म्हणून व्यावसायिक तिकडे फिरकत नाहीत. त्यात २०१८ पासून गुगलच्या प्ले स्टोअरचा नियम असा, की अ‍ॅप अलीकडच्या आवृत्तीच्या नियमांना धरून बांधलेलं हवं, आणि ही रेषा दरवर्षी पुढे सरकते. याचा अर्थ जुना फोन लगेच बाद होतो असा नाही. एकच अ‍ॅप नव्या नियमांनी बांधून जुन्यावरही चालवता येतं. पण दरवर्षी ते पुन्हा बांधा, तपासा, पाठवा, ही कटकट बँकेतून थकून आलेल्या माणसाने किती वर्षं करायची? शेवटी तो दुकानातून बाहेर पडतो आणि फाइल मित्रांना थेट देतो.

त्याची तक्रार अशी, की माझ्या फोनवर माझं हत्यार चालवायला मी कुणाची परवानगी का काढायची? तक्रार अर्धी खरी आहे. उरलेलं अर्धं आपण आत्ताच पाहिलं. हे नियम ज्या भीतीतून आले, ती लपवलेल्या माइकची भीती त्याच्याच अ‍ॅपमधल्या एका पर्यायात बसलीय. हौशी माणसाने स्वतःहून सभ्यता पाळली, तर नियम जाचक आहेत असं तो ताठ मानेने म्हणू शकतो. नाही पाळली, तर नियम करणाऱ्याला तो आयतंच कारण पुरवतो.

एकूण मत असं. ऐकण्याच्या बाबतीत हे अ‍ॅप फार सावध आणि प्रामाणिक आहे. काय गाळलं ते सांगतं, शांततेला हात लावत नाही, बॅटरी संपली तरी दिलेला शब्द पाळतं. ज्याचं ऐकायचं, त्या माणसाच्या बाबतीत मात्र ते अजून बेफिकीर आहे. पहिलं जमलेल्या माणसाला दुसरं अवघड नाही, म्हणून हे सगळं जाहीरपणे बोलले. त्याला कल्पना आहे, तो समोरच बसलाय.

(व्याख्यानानंतर एका श्रोत्याने विचारलं, “नव्या फोनमध्ये हे सगळं चांगलं होत असताना जुन्यासाठी एवढा खटाटोप कशाला?”)

प्रश्न रास्त आहे. पहिलं उत्तर व्यवहाराचं. जुन्या फोनला साडेतीन मिलिमीटरची खोबण असते, तिच्यात योग्य जोडणीचा बाहेरचा माइक लागतो. सिमकार्ड काढून ठेवलं की मधे कुणाचा फोन येत नाही. नुसतं नोंदवण्याचं यंत्र म्हणून ते पुरतं. दुसरं उत्तर जरा वेगळं आहे. नव्या फोनवर हे निर्णय कुणीतरी आपल्यासाठी घेऊन ठेवलेले असतात, म्हणून ते निर्णय आहेत हेच आपल्याला कळत नाही. जुन्या फोनवर प्रत्येक गोष्ट अडते, आणि अडली की विचारावं लागतं, नेमकं काय राखायचंय? तुमच्या घरात कुणी वयस्क माणूस असेल, ज्याची बोली, ज्याच्या ओव्या, ज्याच्या गोष्टी कुठे लिहिलेल्या नाहीत, तर खणातला फोन काढा, चार्ज करा. पण बटण दाबण्याआधी त्यांना विचारा, “आजी, नोंदवून ठेवू का?” त्या नको म्हणाल्या तर फोन बाजूला ठेवा आणि नुसतं ऐका.

थांबते.